नववा शॉट

१

ठकूच्या बाबांनी हयातभर एकच उद्योग केला, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा. गैरसमज नको, माणूस देवासारखा होता; चुका शोधायचा त्या कागदावरच्या. छापखान्यातून पुस्तकांचे कच्चे कागद यायचे आणि बाबा लाल पेन घेऊन त्यातले गळलेले शब्द, दोनदा पडलेल्या ओळी, हुकलेल्या वेलांट्या टिपायचे. हे एकट्याचं काम नव्हे. एकानं लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. वाचायची आई. तेही साधंसुधं नाही, विरामचिन्हांसकट. "तो दारापाशी थांबला स्वल्पविराम पण आत आला नाही पूर्णविराम." लहानपणी ठकूला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा वाचतात.

स्वयंपाकघरातलं चौकोनी टेबल, एका अंगाला आई, समोर बाबा, मधे चहाचे दोन कप. चौतीस वर्षं हे असंच चाललं. बाबा छापखान्यात जायला निघाले की आई त्यांची कॉलर सरळ करायची. ती बुटकी, म्हणून बाबा मान खाली घालून गुमान उभे राहायचे.

आई गेली तीही त्याच टेबलावरून उठून. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "डोकं जड झालंय हो. जरा आडवी होते. येताय का आत?"

"आलोच. एवढी ओळ होऊ दे," बाबा म्हणाले.

त्या ओळीत एक शब्द दोनदा पडला होता. तो खोडून, समासात खूण करून बाबा आत गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. टेबलावर आईचा काचेचा कप अर्धा भरलेला होता. तो ठकूनंच धुतला आणि कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवून दिला.

त्यानंतर बाबांनी लाल पेन हातात धरलं नाही. दाढी नाही, अंघोळीचा पत्ता नाही, चार घासांवर पाचवा नाही. दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. आठ महिने असे काढल्यावर डॉक्टरांनी ठकूला बाजूला घेतलं. "याला माझ्याकडे औषध नाही, पोरी. माणसाला सकाळी उठायला काहीतरी निमित्त लागतं. ते शोध. नाहीतर..."

ठकूला बहीण नाही, भाऊ नाही, नातेवाईक नावापुरते. बाबा होते म्हणून घर होतं. त्यांना कसंही करून उठवायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

२

निमित्त मिळालं ते तिच्या अभ्यासातून. ठकू चित्रपट जोडायला, म्हणजे संकलन शिकत होती. शिकवणाऱ्या बाईंनी उभं आयुष्य कात्री आणि चिकटपट्टी घेऊन फिल्मच्या रिळांसमोर काढलेलं. बोलणं तिखट, पण हातातली विद्या अस्सल. त्यांनी सत्राच्या शेवटचं काम दिलं: तीन मिनिटांची फिल्म, नऊ शॉट, संवाद नाही. माणूस जिना चढून घरी येतो, टेबलाशी बसतो, चहा पितो, उठून जातो. संपलं.

"यात गोष्ट कुठाय, बाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"गोष्ट गेली खड्ड्यात. मला सातत्य हवंय. शॉट वेगवेगळ्या दिवशी घ्याल, पण जोडल्यावर वाटलं पाहिजे की माणसानं एकाच बैठकीत चहा संपवला. पहिल्या शॉटात बाही वर, दुसऱ्यात खाली असलं काही दिसलं, तर घरी पाठवीन. आणि रिकामा कप नटाच्या हातात देऊ नका. रिकामेपण हाताला कळतं."

नट कुठून आणायचा? ठकूनं बाबांना विचारलं. विचारलं कसलं, पाय धरले. "बाबा, तुम्ही नुसतं यायचं, बसायचं, चहा प्यायचा. माझ्यासाठी."

बाबांनी खूप वेळानं भिंतीवरून नजर काढली. "दाढी करावी लागेल?"

"करावी लागेल."

रविवारी सकाळी बाबा दाढी करून, तपकिरी शर्ट घालून स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. ठकूला भरून आलं. सोबत तिची वर्गमैत्रीण होती. जाड भिंगांचा चष्मा म्हणून सगळे तिला ढापणी म्हणायचे, आणि तीही फोनवर "ढापणी बोलतेय" असंच म्हणायची. वही तिच्याकडे होती. शॉट घेण्याआधी खुर्ची कुठं, बाही कशी, कप किती भरलेला, हे सगळं वहीत लिहायचं आणि वर मोबाईलवर फोटो काढायचा. आवाज नको म्हणून फ्रिज बंद केला, तर स्वयंपाकघर इतकं शांत झालं की तिघंही हळू बोलायला लागली.

कॅमेऱ्यातून पाहिल्यावर ठकूला टेबल एका अंगानं ओकंबोकं वाटलं. बाबांपुढे कप, समोर टेबलाची नुसती फळी. चौकट लंगडी दिसत होती. स्टुलावर चढून तिनं आईचा काचेचा कप काढला, पुसला, चहानं काठोकाठ भरला आणि समोरच्या बाजूला ठेवला. चौकट लगेच भरली.

बाबा कपाकडे पाहत राहिले. "हा कशाला?"

"दिसायला बरं दिसतं."

"हं," बाबा म्हणाले. "दिसतं खरं."

एवढीच तिची चूक. आणि ही चूक सुधारता येत नाही, कारण जे एकदा चौकटीत आलं ते शेवटपर्यंत तिथंच ठेवावं लागतं.

३

असल्या कामात शॉट ओळीनं घेत नाहीत. कॅमेरा एका जागी मांडला की त्या जागेवरून लागणारं सगळं आधी उरकायचं. पहिल्या रविवारी त्यांनी जिन्यातला पहिला शॉट उरकला, मग टेबलापाशी आधी पाचवा घेतला, मग दुसरा. नवव्याच्या वेळी ऊन गेलं, म्हणून तो राहिला. दुसऱ्या रविवारी बाबांच्या चेहऱ्याचे तीन घेतले: आधी आठवा, मग चौथा, मग सहावा. बाबा आता वेळेआधी तयार होऊन बसायचे, आणि दुपारी पोटभर जेवायचे. एकदा तर ढापणीला म्हणाले, "अगं, वहीत 'उजवी' लिहिलंयस, वेलांटी पहिली काढलीयस, दुसरी हवी." ठकूनं मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

सोमवारी वर्गातल्या संगणकावर तिनं शॉट पाहिले आणि तिचं डोकं तडकलं. काचेच्या कपातला चहा एकाही शॉटात दुसऱ्याशी जुळत नव्हता. कुठं काठोकाठ, कुठं अर्धा, कुठं तळाशी. वर बाबांची कॉलर. सहाव्या शॉटाच्या सुरुवातीला ती एका बाजूनं उलटलेली होती आणि शेवटी सरळ, आणि मधे बाबांचे हात टेबलावरून हललेलेच नव्हते.

"तुला एक काम दिलं होतं गं!" ती ढापणीवर ओरडली. "एक कप सांभाळायचा होता!"

ढापणीनं मोबाईल पुढे केला. प्रत्येक शॉटच्या आधीचा फोटो होता. प्रत्येकात कप काठोकाठ. "मी आंधळी असेन, मोबाईल नाही," ती म्हणाली, आणि फुरंगटून निघून गेली.

कप गळत असेल. घरी येऊन ठकूनं तो पाण्यानं भरला आणि खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच. मग बाबाच पीत असतील, शॉट चालू असताना, ढापणी वहीत डोकं खुपसून असताना. म्हातारं माणूस, लक्षात राहत नसेल. हे तिला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

तिसऱ्या रविवारी ढापणी तापानं पडली होती. उजेड वळवायला ठकू खिडकीपाशी पांढरा पुठ्ठा धरून उभी राहिली, आणि कॅमेऱ्याचं लाल बटण कसं दाबायचं ते तिनं बाबांना शिकवलं. "दाबा, खुर्चीत येऊन बसा, आणि कॅमेऱ्याकडे मात्र बघायचं नाही." आज फक्त हातांचे दोन शॉट होते, सातवा आणि तिसरा. त्याआधी तिनं काचेच्या कपात गुपचूप दोन चमचे मीठ ढवळलं होतं. आता कोण पितंय ते तोंडावरूनच कळणार होतं.

सातवा शॉट झाला. बाबांचं तोंड जसंच्या तसं. त्यांचे दोन्ही हात त्यांच्याच कपाभोवती होते आणि ठकूची नजर त्यांवरून ढळली नव्हती. तिनं पुढे होऊन काचेच्या कपात पाहिलं. चहा निम्म्याच्या खूप खाली गेला होता.

४

बुधवारी भर दुपारी, आजूबाजूला वीस मुलं कलकलत असताना, ठकूनं आठ शॉट पहिल्यांदा गोष्टीच्या क्रमानं लावले.

पहिला, जिन्याचा. दुसऱ्यात बाबा येऊन बसतात, समोरचा काचेचा कप काठोकाठ. तिसऱ्यात बोटभर कमी. चौथ्यात आणखी थोडा. पाचव्यात अर्धा. सहाव्यात, सातव्यात उतरत उतरत, आठव्यात तळाशी दोन घोट.

तिनं पुन्हा पाहिलं. मग वहीतल्या तारखा पाहिल्या. पाचवा शॉट दुसऱ्याच्या आधी घेतलेला. आठवा चौथ्याच्या तासभर आधी. सातवा तिसऱ्याच्या आधी. घेताना सगळं वरखाली, वेडंवाकडं. आणि जोडल्यावर एक थेंब इकडचा तिकडे नाही. बाबांचा स्वतःचा कप दोनदा चुकला होता. समोरचा एकदाही नाही.

म्हणजे तीन रविवार, उलटसुलट तुकड्यांत, समोर बसून कुणीतरी एका बैठकीत चहा पीत होतं. कुठला शॉट कितवा, हे त्या कुणालातरी आधीच ठाऊक होतं.

योगायोग, ती मनात म्हणाली. सात आकडे, कसेही पडू शकतात. पण ती बाबांची लेक होती. चूक कशी दिसते हे तिला माहीत होतं, आणि बिनचूक काम कसं दिसतं हेही.

५

बाईंनी कच्ची जुळणी पाहिली, दोनदा पाहिली, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"जोड सुरेख आहेत. नटाच्या कपाच्या दोन चुका सोडल्या, तर इतकं साधलेलं सातत्य मी विद्यार्थ्यांत पाहिलं नव्हतं. पण काय गं, माणूस घरात शिरतो तेव्हा चहा आधीच ओतलेला. कुणी ओतला?"

"ते... नाही सुचलं, बाई."

"बरं. आणि समोरच्या बाईचा शॉट कुठाय?"

"समोर कुणी बाई नाहीये."

"म्हणजे समोर तू उभी होतीस? त्याला बघायला कुणीतरी हवं म्हणून?"

"नाही. समोर भिंत होती."

बाईंनी आठवा शॉट पुन्हा लावला. पडद्यावर बाबांचा चेहरा. "हे बघ. भिंतीकडे पाहणाऱ्याचे डोळे मरतात. हे डोळे ऐकतायत. मान कललीय बघ. आता इथं नजर जरा उचलली गेली, म्हणजे समोरच्यानं मान वर केली. दोन माणसं समोरासमोर असली की त्यांच्यामधून एक रेषा जाते, शिकवलंय ना? कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. तू तो अगदी चोख ठेवलायस. रेषा असल्याशिवाय असा ठेवता येत नाही. पाहणारा दाखवला की त्यानं पाहिलेलं दाखवावं लागतं, पोरी. नाही दाखवलंस, तर प्रेक्षक आपल्या मनानं तिथं कुणालातरी बसवतो."

मग त्यांनी ठकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नट कोण आहे हा?"

"माझे बाबा."

"आणि आई?"

ठकूनं मान हलवली. बाईंनी पडदा बंद केला. "नववा शॉट घे आणि संपव हे. लवकर संपव," त्या म्हणाल्या. असं मऊ त्या कधीच बोलत नसत.

६

जिन्यात शेजारच्या काकूंनी अडवलं. "बाबांना बरं वाटतंय गं, हिंडताफिरताना दिसतात. फक्त सांग त्यांना, दुपारी रेडिओ जरा हळू लावा म्हणावं. बाईमाणसाचा आवाज येतो, वाचून दाखवल्यासारखा. मधेमधे 'स्वल्पविराम' काय म्हणते, 'पूर्णविराम' काय म्हणते!"

घरात रेडिओ नव्हता. ठकू उरलेला जिना कठड्याला धरून चढली.

बाबा टेबलाशी बसले होते. गालांवर मांस आलं होतं, डोळ्यांत तेज होतं, आठ महिन्यांत इतके बरे दिसले नव्हते. तिला पाहून जरा रागावल्यासारखं करून म्हणाले, "ठकू, त्या दिवशी चहात मीठ कशाला घातलंस? असं नाही करू. वाईट वाटतं गं."

"तुम्ही प्यायलात?"

"मी कशाला पिऊ दुसऱ्याचा चहा?"

फ्रिज चालू होता, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. समोरची खुर्ची टेबलापासून वीतभर मागे सरलेली होती.

"बाबा," ठकू म्हणाली, "मी शेवट बदललाय. माणूस उठत नाही. चहा पीत बसून राहतो. नववा शॉट नाही घ्यायचा."

"वाक्य अर्धं सोडून कसं चालेल?"

"चालतं. हल्ली चालतं."

"नापास करतील तुला."

"करू देत!" ती ओरडलीच. "मी पुन्हा पुन्हा घेईन हे शॉट. वर्षभर घेईन. तुम्ही रोज दाढी करा, शर्ट घाला, बसा इथं. पण उठायचं नाही. तो चहा संपू द्यायचा नाही."

बाबांनी तिला जवळ ओढलं आणि लहानपणी थोपटायचे तसं पाठीवर थोपटलं. "त्या दिवशी मी काय म्हणालो होतो, माहितीये तुला? एवढी ओळ होऊ दे. एका शब्दासाठी, ठकू. एक फालतू शब्द दोनदा पडला होता." त्यांचा आवाज फाटला. "ती हाक मारून गेली. ओळ कधीच झालीय. अजून किती बसवून ठेवशील?"

"आणि मी?" ठकू रडत म्हणाली. "मी काय करू, बाबा?"

ते नुसते थोपटत राहिले, आणि थोपटताना त्यांची नजर तिच्या डोक्यावरून समोरच्या खुर्चीकडे जात होती. ते ठकूला मागं न वळता कळत होतं.

७

तिनं एक उपाय केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा कप वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत घातला आणि वर्गाला घेऊन गेली. कप नाही तर चौकट नाही, चौकट नाही तर शॉट नाही. निघताना बाबा दारापर्यंत आले. कॉलर एका बाजूनं उलटलेली होती. ठकूच्या मनात आलं, आपण सरळ करावी; पण उशीर झाला होता, आणि संध्याकाळी करू म्हणून ती तशीच निघाली. पुढं तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

वर्गात पिशवी तिनं दोन पायांमध्ये घट्ट धरून ठेवली. दोन वाजता घरी आली. हाक मारली, ओ नाही.

बाबा टेबलाशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. हात टेबलावर, मान जरा कललेली. दाढी केलेली. कॉलर दोन्ही बाजूंनी सरळ. ठकूनं हाताला हात लावला आणि तिथंच खाली बसली.

काकूंनी डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, झोपेत जावं तसे गेले, साडेदहाच्या सुमारास. काही कळलंसुद्धा नसेल. ती माणसं बोलत असताना ठकूचं लक्ष फ्रिजकडे गेलं. फ्रिज बंद होता. त्याच्या शेजारी ट्रायपॉडवर कॅमेरा उभा होता, पहिल्या रविवारच्या जागी, आणि त्यावर स्वयंपाकघरातला फडका नीट घालून ठेवलेला होता. चारी टोकं खाली, मधे सुरकुती नाही. बाबांनी जन्मात कशावर काही झाकलं नव्हतं. शिलाई मशीन, मिक्सर, उरलेला भात, सगळं झाकायची सवय आईची.

संध्याकाळी तिनं पिशवी उघडली. वर्तमानपत्र आतून ओलं झालं होतं. काचेच्या कपाच्या तळाशी चहाची पूड चिकटलेली होती.

८

तेरा दिवसांनी तिनं कॅमेरा उघडला. त्यात एकच शॉट होता. वेळ पडली होती अकरा चाळीस. कॅमेऱ्याचं घड्याळ तिनं चार वेळा तपासलं. बरोबर होतं.

बाबा टेबलाशी बसलेले. समोर काचेचा कप, तळाशी एक घोट. त्या वेळी तो कप तिच्या दोन पायांमधल्या पिशवीत होता. बाबा आपला कप संपवतात, खाली ठेवतात आणि मान वर करून ऐकतात. मग हसतात. इतकं मोकळं हसताना तिनं त्यांना आई असतानाच पाहिलं होतं. मग ते खुर्ची मागं सारून उठतात. दोन पावलं चालतात, चौकटीच्या कडेपाशी थांबतात आणि मान खाली घालून गुमान उभे राहतात. त्यांची उलटलेली कॉलर आपसूक सरळ होते. आधी डावी बाजू, मग उजवी. मग ते चौकटीबाहेर निघून जातात.

खुर्ची रिकामी. काचेचा कप रिकामा. फार हळू, भिंतीपलीकडून यावा तसा एक आवाज: "पूर्णविराम."

ज्या खुर्चीतून बाबा उठून गेले, त्याच खुर्चीत ते तिला सापडले होते. कितीही हुशार संकलक आणा, हे दोन शॉट एकमेकांना जोडता येणार नाहीत. ठकूनं तो नाद सोडला. ती रडली, पोट दुखेपर्यंत रडली, आणि खोटं कशाला बोला, त्या रडण्यात थोडा रागही होता. दोघं मिळून गेली होती. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. तीन रविवार त्या दोघांमधली रेषा तिनं डोळ्यांत तेल घालून सांभाळली, आणि स्वतः रेषेबाहेर कॅमेऱ्यामागं राहिली.

नववा शॉट तिनं आठव्याला जोडला. जोड दिसत नव्हता. बाईंनी फिल्म पाहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शेवटी चौकट रिकामी ठेवलीस ते बरं केलंस. माणूस गेला की लगेच तोडू नये."

ती चौकट अजून किती लांब होती, हे ठकूनं बाईंना सांगितलं नाही. रिकाम्या टेबलानंतर अकरा मिनिटं काहीच हलत नाही. मग उजवीकडून, अगदी जवळून, एक फडका वर येतो. कॅमेऱ्यावर पडण्याआधी तो क्षणभर उंच धरलेला असतो, घडी झटकावी तसा. त्या क्षणात त्याच्या वरच्या कडेवरून कुणीतरी सरळ भिंगात पाहतं. बारा फ्रेम. अर्धा सेकंद. भांग दिसतो, कपाळ दिसतं आणि डोळे. एवढंच.

नटानं भिंगात बघायचं नाही, हा पहिला नियम. बाबांनी तो शेवटपर्यंत पाळला. ते डोळे मात्र रेषा ओलांडून बघत होते, आणि बघत होते ते ठकूकडेच. तिथं दुसरं कुणी असणार नव्हतं. आईनं आपल्याला पाहिलं, हे कळल्यावर तिच्या छातीवरचा दगड उतरला. एक दिवसभर उतरलेला राहिला. मग तिला बाईंचं वाक्य आठवलं. पाहणारा दाखवला की त्यानं पाहिलेलं दाखवावं लागतं. म्हणजे त्या बारा फ्रेमांना पुढं जोडायला एकच शॉट चालेल. टेबलाशी बसलेली ठकू, समोर पाहताना.

तो शॉट तिनं घेतलेला नाही. ती चहा उभ्यानं पिते, ओट्यापाशी, टेबलाकडे पाठ करून. रविवारी ढापणी येते, तेव्हा दोघी बाहेरच्या खोलीत बसतात. पण कॅमेरा तिनं हलवलेला नाही, फडका काढलेला नाही, आणि काचेचा कप पुन्हा वरच्या फळीवर ठेवायला तिचा हात धजत नाही. दुपारी घर फार शांत होतं. काही दुपारी ते एकटेपण इतकं चावतं की ती फ्रिजचं बटण बंद करते आणि दारात उभी राहून ऐकते.

काल दुपारी ती ऐकत उभी असताना, दोन्ही खुर्च्या मागं सरलेल्या होत्या. टेबलावर कप तीन होते, तिन्ही भरलेले. तिसरा तिचाच होता, लहानपणीचा, कान तुटलेला. तो कुठं ठेवला होता, हे आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.